फिकट पिवळी

ॲबिंग्डनच्या कारखान्यात सरकता पट्टा नव्हता.
गाडी एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायची
ती हातानं ढकलून.
माझे वडील, विल्फ टकवेल,
मागच्या काचेशेजारी उजवा तळहात टेकवायचे
आणि पुढच्याला हाक द्यायचे: घे रे, आली.
असं अठरा वर्षं.

आधी नुसती उघडी एमजी होती, कापडी टपाची,
उन्हाळ्याचे चार दिवस बघून घ्यायची.
मग पासष्ट साली तिच्यावर छप्पर चढलं,
कुणा इटालियन माणसानं ओढलेली एकच रेघ
कपाळापासून थेट शेपटीपर्यंत,
आणि मागे एक दार, वर उघडणारं.
आता वाणसामान मावेल, आई म्हणाली.
त्या छपराबद्दल आमच्या घरात झालेली चर्चा एवढीच.

गरिबाची ॲस्टन म्हणायचे लोक तिला.
मग आपण कोण, आईनं विचारलं.
हौसेला मोल नसतं म्हणतात. हिला होतं,
हजार पौंडांना जरासंच कमी,
म्हणजे बाबांचे पन्नास आठवडे,
उपाशी.

आम्ही घेतली ती एकाहत्तरात, जुनी,
वाँटेजच्या एका दंतवैद्याकडून.
फिकट पिवळी, पातळ कस्टर्डसारखी.
बाबांनी पैसे मोजण्याआधी खाली वाकून
आतला एक बोल्ट चाचपला
आणि हसले: हा पर्सी ड्रूइटचा.
त्याच्यासारखं आवळत नाही कुणी.

मागच्या सीटवर मी, राल्फ आणि कुत्रा.
माहितीपत्रकात दोन मुलं तिथे खुशाल बसलेली;
त्यांना पाय नसावेत.
सीटखाली दोन बॅटऱ्या, सहा-सहा व्होल्टच्या.
आपण विजेवर बसलोय, राल्फ म्हणाला, हलू नकोस.
वेमथचा समुद्र येईपर्यंत
मी हलले नाही.

चौऱ्याहत्तरात आमचं गाव, जागचं न हलता,
बर्कशरमधून ऑक्सफर्डशरमध्ये गेलं.
त्याच वर्षी नव्या गाड्यांचं क्रोमचं नाक जाऊन
काळं रबरी नाक आलं, अमेरिकेच्या कायद्यासाठी,
आणि चाकांवर ती दीड इंच उंच झाली,
पाण्यात उतरणाऱ्या बाईनं झगा उचलावा तशी.
मग छपराची गाडी अमेरिकेला पाठवणंच थांबलं.
नाक राहिलं.
पाहुणे आलेच नाहीत, बाबा जेवताना म्हणाले,
आणि आपण भिंत पाडून बसलो.

गंज शिरतो तो उंबऱ्यातून,
दाराखालच्या लांब पोकळ पट्टीतून.
वर रंग अगदी ठणठणीत असतो.
बाबा दर मार्चला तिथे तेल सोडायचे, थेंब थेंब,
गॅरेजच्या फरशीवर पाठ टेकून.
कारखान्यालाही खालून काहीतरी पोखरत होतं,
पण तेल कुठे सोडायचं
ते वरून कुणी कळवलं नाही.

ऐंशीच्या ऑक्टोबरात फाटक बंद झालं.
बाबा त्या संध्याकाळी वेळेवर घरी आले,
जेवणाचा डबा धुतला
आणि उद्यासाठी पालथा घातला.
नंतर बराच वेळ
त्या पालथ्या डब्याकडे बघत राहिले.

परवा डिडकॉटहून एक मुलगा आला, विकत घ्यायला.
बाबा गेल्यापासून ती उभीच होती.
किल्ली फिरवली की नुसती टकटक.
ढकलू या, मी म्हणाले, वय वर्षं बासष्ट,
आणि तळहात कुठे टेकवायचा
ते मला कुणाला विचारावं लागलं नाही.
तिथला पिवळा रंग थोडा पातळ झालाय,
की मलाच तसं वाटलं.

उताराला ती खोकली, थांबली, पुन्हा खोकली, लागली.
मुलानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं:
मागे किती जण बसतात?

दीड, मी ओरडले.
कुत्रा असेल तर एक.